जिओसिटीज : सातबारा नसलेले नगर

नगरे नाहीशी का होतात, हा इतिहासाच्या अभ्यासकांचा जुना प्रश्न आहे. कुठे नदीने पात्र बदलले, कुठे बंदर गाळाने भरले, कुठे परचक्र आले, तर कुठे साथीच्या रोगाने वस्तीच उठवली. परंतु २६ ऑक्टोबर २००९ या दिवशी जे नगर नाहीसे झाले, त्याला ना पूर आला होता, ना आग लागली होती. जिओसिटीज हे त्याचे नाव. ते दगडाविटांचे नव्हते. इंटरनेटवर सामान्य माणसांनी स्वहस्ते रचलेल्या पानांचे ते नगर होते. अशी किमान ३ कोटी ८० लाख पाने तेथे होती असे मानले जाते. मालकाने एके दिवशी दिवा मालवला आणि सारी वस्ती अंधारात गेली.

जिओसिटीज हे या प्रकारचे सर्वांत मोठे उदाहरण असले तरी एकमेव नव्हे. इंटरनेटवर विनामूल्य जागा देणाऱ्या संस्था गेल्या तीस वर्षांत वाजतगाजत आल्या आणि बहुतेक निमूटपणे गेल्या. हे असे वारंवार का घडते? हा केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न आहे असे समजण्याचे कारण नाही. या संस्थांबरोबर सामान्य माणसांचे लेखनही जाते. राजेमहाराजांचे दप्तर कुणीतरी जपतेच. शिंप्याची कविता, शिक्षिकेची टिपणे आणि आजोबांनी जुळवलेली वंशावळ जपणारे मात्र थोडेच असतात.

प्रथम ही जागा म्हणजे काय ते पाहू. वेबसाइट म्हणजे काही कागदपत्रांची चळत. ती जगाला दिसावी यासाठी कुठेतरी एक संगणक रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो. त्याला वीज लागते, थंडावा लागतो, देखरेख लागते आणि इंटरनेटशी अखंड जोडणी लागते. कुणीही पान उघडले की त्या संगणकाला ते पान त्याच्याकडे धाडावे लागते. म्हणजे छापील पुस्तकाचा खर्च एकदाच होतो, तसे येथे नाही. येथे प्रत्येक वाचनाला खर्च आहे आणि वाचक वाढले की खर्चही वाढतो. तेव्हा विनामूल्य जागा ही खरोखर विनामूल्य नसतेच. तिचे पैसे लिहिणाऱ्याने दिलेले नसतात, इतकेच. मग ते कोण देतो आणि कशासाठी देतो, यातच सगळ्या कथेचे मर्म आहे.

जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ज्या वेबची उभारणी केली, तिचे तंत्र ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने कोणतेही शुल्क न आकारता जगाला खुले केले. रस्ता सर्वांचा झाला. पण रस्त्याकडेला घर बांधायला जागा हवी. ती विद्यापीठातील प्राध्यापक-विद्यार्थ्यांना मिळे, किंवा दाम मोजणाऱ्यांना मिळे. ज्याच्याजवळ सांगण्याजोगे काही आहे पण विद्यापीठही नाही आणि पैसाही नाही, त्याने काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर घेऊन अमेरिकेत काही तरुण पुढे आले. नोव्हेंबर १९९४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी बिव्हर्ली हिल्स इंटरनेट नावाची छोटी कंपनी काढली. १९९५ मध्ये त्यांनी कुणालाही विनामूल्य पान देण्यास प्रारंभ केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीला जिओसिटीज हे नाव मिळाले. बोनेट यांची कल्पना मोठी लोभस होती. त्यांनी जागेचे मोहल्ले पाडले. चित्रपटवेड्यांसाठी हॉलीवूड, अर्थव्यवहाराची गोडी असणाऱ्यांसाठी वॉलस्ट्रीट, खेळाडूंसाठी कलोझियम. पुढे तत्त्वज्ञान व शिक्षणाच्या चाहत्यांसाठी अथेन्स आणि कुटुंबवत्सलांसाठी हार्टलँड हे मोहल्ले वसले. प्रत्येक पानाला मोहल्ल्याचे नाव आणि घराचा क्रमांक असे. मोहल्ल्यातील जाणकार रहिवासी नवागतांना विनामोबदला मदत करत. बाहेरून कितीही भडक आणि ओबडधोबड दिसो, ती एक वस्ती होती.

या रहिवाशांना कंपनीने दिलेले नाव होते ‘होमस्टेडर’. या शब्दामागे अमेरिकेचा इतिहास आहे. २० मे १८६२ रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यानुसार पश्चिमेकडील सरकारी जमिनीपैकी १६० एकर जमीन अर्जदाराला मिळे. त्याने तेथे पाच वर्षे राहावे, घर बांधावे, जमीन कसावी. मग ती त्याच्या नावावर होई. (मूळ रहिवाशांकडून हिरावलेल्या जमिनीच अशा वाटल्या गेल्या, हे या इतिहासाचे दुसरे आणि दुःखद अंग आहे.) आपल्या मुंबई राज्यातही १९४८ च्या कूळकायद्याने आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांनी ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व मान्य केले आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी अनेक कुळे आपल्या जमिनीची मालक मानली गेली. दोन्हीकडे न्याय एकच : ज्याने घाम गाळला त्याचे नाव कागदावर लागले पाहिजे.

जिओसिटीजच्या होमस्टेडरला शब्द मिळाला, कागद मिळाला नाही. त्याने पाच वर्षे कसले काय किंवा दहा वर्षे कसले काय, सातबाऱ्यावर नाव कंपनीचेच राहिले. माझ्या मते या सर्व संस्थांच्या उदयास्ताचे सूत्र येथेच सापडते. जागा एकाची, श्रम दुसऱ्याचे आणि पैसा तिसऱ्याचा. या तिसऱ्याचे मन फिरले की पहिला जागा बंद करतो आणि दुसऱ्याला कुणी विचारत नाही.

हा तिसरा, म्हणजे पैसा देणारा, काळाप्रमाणे बदलत गेला. सर्वांत आधी आला तो गुंतवणूकदार. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत अशी धारणा बळावली होती की आधी गर्दी जमवावी, नफ्याचे नंतर पाहता येईल. विनामूल्य जागा हे गर्दी जमवण्याचे उत्तम साधन होते. कारण येणारा केवळ पाहुणा नव्हता, तो स्वतः पाने लिहून आणखी पाहुणे आणत होता. ऑगस्ट १९९८ मध्ये जिओसिटीजचे समभाग १७ डॉलर दराने बाजारात आले. नफ्याचे तोंड कंपनीने तोवर पाहिले नव्हते, तरी भाव चढत गेला. कॉर्नेल विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या ‘द ग्लोब डॉट कॉम’ या अशाच कंपनीचा समभाग १३ नोव्हेंबर १९९८ रोजी ९ डॉलरला विक्रीस निघाला आणि त्याच दिवशी ६३.५० डॉलरवर थांबला. पहिल्या दिवसाची एवढी वाढ हा त्या वेळी विक्रम होता. तीन वर्षांच्या आत, २००१ मध्ये, त्या कंपनीने आपली वस्ती बंद केली.

दुसरा आला तो जाहिरातदार. जिओसिटीजने १९९७ पासून रहिवाशांच्या पानांवर जाहिराती दाखवण्यास सुरुवात केली. पण येथे एक अडचण होती. वृत्तपत्रात जाहिरात देणाऱ्याला शेजारी कोणता मजकूर येईल याचा अंदाज असतो. लक्षावधी अनोळखी माणसांनी लिहिलेल्या पानांविषयी असा अंदाज कोण देणार? मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्सटाउन या छोट्या गावी सुरू झालेल्या ट्रायपॉड या कंपनीलाही हीच अडचण आली. आपली जाहिरात एका आक्षेपार्ह पानावर झळकल्याचे पाहून एक मोठा जाहिरातदार संतापला. तेव्हा तेथील एथन झुकरमन यांनी तोडगा काढला : जाहिरात पानावर न दाखवता स्वतंत्र चौकटीत उघडावी, म्हणजे तिचा पानाशी संबंध जोडला जाणार नाही. न बोलावता डोळ्यांसमोर उगवणाऱ्या त्या चौकटींचा उगम असा झाला. २०१४ मध्ये झुकरमन यांनी एका लेखातून त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि जाहिरातींवर विसंबणे हेच इंटरनेटचे मूळ पाप होय, असे मत मांडले.

जाहिरातदाराला जागेइतकीच रहिवाशांची माहितीही हवी असते. कोणाचे वय किती, उत्पन्न किती, आवड कोणती हे कळले तर जाहिरातीचा भाव वाढतो. नोंदणीच्या वेळी घेतलेली अशी माहिती कशासाठी वापरली जाणार याबाबत लोकांची दिशाभूल केल्याचा आरोप अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने जिओसिटीजवर ठेवला. ऑगस्ट १९९८ मध्ये हे प्रकरण तडजोडीने मिटले. इंटरनेटवरील खासगीपणाविषयीचे त्या आयोगाचे हे पहिलेच प्रकरण होते. रहिवासी भाडे देत नाही असे वाटत होते. प्रत्यक्षात तो ते वेगळ्या चलनात देत होता.

तिसरा आला तो मोठा मालक. २८ जानेवारी १९९९ रोजी याहूने जिओसिटीज सुमारे ३५७ कोटी डॉलर मूल्याच्या समभागांच्या मोबदल्यात विकत घेण्याची घोषणा केली आणि मे महिन्यात व्यवहार पूर्ण झाला. जून उजाडताच रहिवाशांपुढे नव्या अटी आल्या. त्यांचा अर्थ असा निघत होता की, येथे लिहिलेल्या साऱ्या मजकुरावर याहूला वाटेल तसा हक्क राहील. लोक खवळले, अनेकांनी घरे सोडली आणि काही दिवसांतच याहूला त्या अटी मागे घ्याव्या लागल्या. सातबारा कुणाच्या नावे आहे, हे रहिवाशांना त्या वेळी प्रथम उमगले असावे. पाठोपाठ मोहल्ल्यांची पद्धतही बाजूला पडली. पत्त्यातून अथेन्स गेले, हॉलीवूड गेले; उरले ते नुसते सदस्याचे नाव. वस्तीचे गोदाम झाले.

मालक बदलण्याचा हा खेळ ट्रायपॉडच्या नशिबी तर अधिकच आला. फेब्रुवारी १९९८ मध्ये लायकॉस या कंपनीने ते ५ कोटी ८० लाख डॉलरच्या समभागांना घेतले. त्याच वर्षी एंजलफायर ही दुसरी विनामूल्य वस्तीही लायकॉसकडे आली. २००० मध्ये स्पेनच्या टेरा कंपनीने लायकॉसला १,२५० कोटी डॉलरना घेण्याचे ठरवले. चार वर्षांनी तीच लायकॉस कोरियातील दाउम कंपनीला सुमारे साडेनऊ कोटी डॉलरना मिळाली आणि २०१० मध्ये आपल्या हैदराबादच्या वायब्रंट डिजिटल कंपनीने ती ३ कोटी ६० लाख डॉलरना घेण्याचा करार केला. चाळ जशी भाडेकरूंसकट विकली जावी, तशी ही पाने अमेरिकेतून स्पेनकडे, तेथून कोरियाकडे आणि तेथून हैदराबादकडे गेली. आकड्यांकडे पाहिले तर विनामूल्य वस्तीवरील बाजाराचा विश्वास किती झपाट्याने ओसरला, ते वेगळे सांगायला नको.

मार्च २००० मध्ये अमेरिकन समभागांचा तो फुगा फुटला. जाहिराती आटल्या. पण वीज, संगणक आणि जोडणी यांचे खर्च थांबले नाहीत. मग कंपन्यांनी हात आखडता घेतला. विनामूल्य पानांवर वाचनाची मर्यादा आली. पान फार लोकांनी पाहिले की ते काही काळ बंद पडे आणि अधिक हवे असेल तर पैसे भरा, असा निरोप दिसे. ज्याचे लेखन लोकांना आवडे त्याचेच दार बंद होई! या विसंगतीत व्यवहाराचा दोष उघडा पडतो. देणाऱ्यासाठी वाचक हा आधी मिळकतीचा आकडा होता. आता तो खर्चाचा आकडा झाला होता.

यात आणखी एक भर पडली. फुकटाच्या दारी सज्जन येतो तसा चोरही येतो. ज्याला बँकेसारखे दिसणारे बनावट पान करून लोकांची खाती लुटायची असतात, त्याला नाव-गाव न विचारणारी विनामूल्य जागा फारच सोयीची वाटते. त्याला शोधून हाकलण्यासाठी माणसे नेमावी लागतात आणि त्यांचा पगार प्रामाणिक रहिवाशाकडूनही वसूल होत नाही. हेरोकू या कंपनीने २०२२ च्या नोव्हेंबरअखेर आपली विनामूल्य सेवा थांबवली, तेव्हा फसवणूक आणि गैरवापर रोखण्याचा वाढता भार हे कारण तिने स्पष्टपणे दिले होते. ००० वेबहोस्ट या विनामूल्य सेवेतून तर २०१५ मध्ये १ कोटी ३० लाखांहून अधिक सदस्यांची माहिती, त्यांच्या सांकेतिक शब्दांसह, चोरीला गेल्याचे उघड झाले. ती सेवाही २०२४ मध्ये बंद झाली.

शिवाय लोकांची गरजही पालटत होती. १९९९ मध्ये ब्लॉगर आले, २००४ मध्ये फेसबुक. पान कसे रचावे हे शिकण्याची आवश्यकता उरली नाही. रिकाम्या चौकटीत लिहिले की झाले. तरुण मंडळी तिकडे वळली. जुन्या वस्तीत नवे बिऱ्हाड येईनासे झाले, तरी जुन्या घरांचे दिवे जळत ठेवावे लागत होते. हिशेबनिसाच्या दृष्टीने निर्णय सोपा होता. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी एओएलने आपली होमटाउन ही वस्ती बंद केली. एप्रिल २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद करण्याची घोषणा केली आणि ऑक्टोबरमध्ये ती अमलात आणली. जपानमधील जिओसिटीज मात्र वेगळ्या कंपनीच्या हाती होती. ती आणखी जवळजवळ दहा वर्षे तगली आणि ३१ मार्च २०१९ रोजी तिनेही निरोप घेतला.

ज्यांनी ती पाने लिहिली होती त्यांतील कित्येकांचे पत्ते बदलले होते, कित्येकांना सूचना पोहोचलीच नाही आणि काहीजण हे जग सोडून गेले होते. त्यांच्या वतीने धावून आले ते काही स्वयंसेवक. जेसन स्कॉट यांच्या पुढाकाराने जमलेल्या ‘आर्काइव्ह टीम’ने मुदतीच्या आत जेवढी पाने उतरवून घेता आली तेवढी घेतली आणि वर्षभराने, २०१० मध्ये, तो साठा सर्वांना खुला केला. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्ह या धर्मादाय संस्थेनेही पुष्कळ पाने जतन केली. स्वयंसेवकांनी वाचवलेला तो सगळा साठा साडेसहाशे गिगाबाइटांच्या आतबाहेर भरला. आज तळहाताएवढ्या पेटीत तो सहज मावतो. ज्या ठेव्यासाठी एके काळी ३५७ कोटी डॉलर मोजले गेले, तो जपण्यास इतकी थोडी जागा पुरली असती.

आपल्या भाषेचाही या कथेशी धागा आहे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. त्या काळी देवनागरीसाठी युनिकोडची सोय घरोघरच्या संगणकांत नव्हती; ती रुळायला २००० नंतरचा काळ यावा लागला. तोवर इंटरनेटवर मराठी लिहायचे तर खासगी टंक वापरावे लागत, किंवा मजकुराचे चित्र करून लावावे लागे. अशा टंकांत लिहिलेले पान कुणी जपून ठेवले असले, तरी तो टंक हाती नसेल तर आज अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. घर पडले ते एक आणि भिंतीवरची अक्षरे पुसली गेली ते दुसरे, असा हा दुहेरी तोटा आहे.

मग प्रत्येक वेळी नवी संस्था का येते? कारण साठवणुकीचा आणि जोडणीचा दर सतत उतरत असतो. जे पाच वर्षांपूर्वी महाग होते ते आज परवडेल, असे नवागताला वाटते. तो गर्दी जमवतो, गर्दीबरोबर खर्च आणि गैरवापर वाढतो, पैसा देणारा कंटाळतो आणि चक्र पुरे होते. यातून काही थोड्या सेवा मात्र निभावल्या आहेत. २०१३ मध्ये काइल ड्रेक यांनी सुरू केलेली निओसिटीज ही सेवा विनामूल्य पाने देते, पण स्वेच्छेने पैसे भरणाऱ्या सदस्यांच्या बळावर चालते. इंटरनेट आर्काइव्हला देणगीचा मोठा आधार आहे. जेथे पैसे देणाऱ्याला पाने टिकावीत असेच वाटत असते, तेथे ती टिकण्याचा संभव अधिक, इतका निष्कर्ष या इतिहासातून निघतो. पाणपोई दात्याच्या श्रद्धेवर चालते. दुकानदाराने गिऱ्हाईक आणण्यासाठी ठेवलेला माठ गिऱ्हाईक येणे थांबले की आत जातो.

विनामूल्य जागा देणाऱ्यांना दूषणे द्यावीत, असा या लेखाचा हेतू नाही. लक्षावधी माणसांनी जगासमोर पहिले अक्षर त्यांच्याच अंगणात गिरवले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु अंगण आपले नव्हते, हेही विसरू नये. वाचकहो, आज आपल्या लग्नकार्यांची छायाचित्रे, परदेशी गेलेल्या मुलांची पत्रे, वडीलधाऱ्यांच्या आठवणी आपण कुणाच्या ना कुणाच्या विनामूल्य जागेतच ठेवत असतो. गुगल फोटोजने अमर्याद विनामूल्य साठवणूक १ जून २०२१ पासून थांबवली. याहू ग्रुप्समध्ये अनेक मंडळांचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार होता. २०१९ च्या डिसेंबरात तो पुसायला घेतला गेला आणि पुढच्या वर्षी ती सेवाच संपली. चक्र थांबलेले नाही.

यावर उपाय फार अवघड नाहीत. जे मोलाचे आहे त्याची एक प्रत आपल्या घरी असावी आणि दुसरी एखाद्या नातेवाइकाकडे. मजकूर युनिकोडमध्ये असावा, छायाचित्रामागे असतात तशी नावे आणि तारीख सोबत नोंदलेली असावी. निवडक भाग कागदावर छापून ठेवावा. आणि एखाद्या सेवेकडून बंद होण्याची सूचना आली, तर ती जाहिरात समजून बाजूला सारू नये. त्याच आठवड्यात बसून आपले सामान हलवावे. जिओसिटीजच्या रहिवाशांना यासाठी सहा महिने मिळाले होते. होमटाउनच्या रहिवाशांना महिनाभरही धड मिळाला नाही.